तारेचा बारावा शब्द, मेसेजचं एकाहत्तरावं अक्षर

प्रति,
मोबाईल कंपन्यांचे चालक, घाऊक एसएमएस विकणारे पुरवठादार आणि या दोघांसाठी नियम करणारे अधिकारी यांना खुलं पत्र

विषय : मराठी एसएमएसला दुप्पट आकार लागत असल्याबाबत

स.न.वि.वि.

मी कोल्हापूर भागातल्या एका गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. आमचे 240 सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. दूध मापलं, फॅट लागली, की सभासदाच्या फोनवर मेसेज जातो: किती लिटर, किती फॅट, काय दर, किती रक्कम. पूर्वी हे सगळं कार्डावर लिहून द्यायचो. कार्ड भिजायचं, हरवायचं, घरातली पोरं त्याच्यावर गणितं सोडवायची, आणि दर दहा दिवसांनी बिलाच्या वेळी खिडकीत भांडण ठरलेलं. मेसेज सुरू झाले तशी भांडणं थांबली. 'फोनात हाय की' एवढं म्हटलं की संपलं.

गेल्या महिन्यात आमच्या पुरवठादाराच्या माणसाने फोनवर सल्ला दिला, "सर, मेसेज इंग्लिशमध्ये करा, खर्च हाफ होईल." हिशेब खोटा नव्हता. महिन्याला 14,400 मेसेज. पुरवठादार मेसेजचे पैसे क्रेडिटमध्ये मोजतो: इंग्रजी मेसेजला एक क्रेडिट, आमच्या मराठीला दोन. क्रेडिटला वीस पैसे धरले तर 2,880 रुपयांच्या जागी 5,760. विषय संचालक मंडळापुढे गेला आणि ठराव झाला, एक तारखेपासून मेसेज इंग्रजीत. तो ठराव सचिव म्हणून मीच लिहिला. मराठीत लिहिला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. मग घरी आलो आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून पणजोबांची तारांची वही काढली.

ही वही काय आहे ते सांगितल्याशिवाय माझी तक्रार तुम्हाला कळायची नाही. पणजोबा गुळाचे अडत्ये होते. मुंबईच्या पेढ्यांशी व्यवहार, आणि भाव विचारायचा तर तार. तार करण्याआधी ते या वहीत मसुदा करत. डाव्या पानावर मोडीत, उजव्या पानावर त्याचंच शाळामास्तरांच्या हातचं इंग्रजी. आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक आकडा: 1, 2, 3, 4. तेरावर गेलं की त्या आकड्याभोवती गोल. मग खाली खाडाखोड, आणि पुन्हा पहिल्यापासून आकडे.

बाराचा हा धाक कुठून आला? 1909 पासून सरकारी तारेचा दर असा होता: साधी तार 12 शब्दांपर्यंत 6 आणे, पुढच्या प्रत्येक शब्दाला अर्धा आणा. एक्स्प्रेस म्हणजे तातडीची तार हवी असेल तर 12 शब्दांना 1 रुपया आणि पुढचा शब्द 2 आण्यांचा. या बारा शब्दांत पत्ताही आला. तार ज्याला जायची त्याचं नाव, पेठ, गाव, खाली स्वतःची सही, सगळं मोजायचं आणि उरेल तेवढ्यात बोलायचं. त्या काळी पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे. म्हणजे एका साध्या तारेच्या पैशात चोवीस कार्डं, आणि तेराव्या शब्दाला दोन कार्डं. पेन्सिलीचा गोल त्या दोन कार्डांचा आहे.

1911 सालचं एक पान माझ्या फार आवडीचं. मोडी मला वाचता येत नाही, तालुक्यातल्या एका जाणकारांकडून लावून घेतलं. मसुदा असा: 'भाव बहुत उतरला ऐकतो, खरे काय, माल पाठवावा की थांबवावा, तारेने कळवणे.' मास्तरांनी केलेलं इंग्रजी: 'हिअर रेट फॉलन वायर व्हेदर सेंड गुड्स ऑर वेट.' नऊ शब्द. पेढीचं नाव, मांडवी, बॉम्बे हे तीन, सहीचा एक. झाले तेरा. गोल. मग 'ऑर वेट' खोडलं. पाठवू का एवढं विचारलं की थांबू का हे त्यातच आलं. राहिले अकरा. आता बाराचे पैसे तर द्यायचेच आहेत, मग एक शब्द फुकट का घालवा? पणजोबांनी शेवटी बारावा शब्द टाकला, रोमन अक्षरांत: नमस्कार.

त्या तारेत मराठी एवढीच. तीही जागा फुकट उरली होती म्हणून.

तारेच्या यंत्राला देवनागरी येत नव्हती, हे मला समजतं. मोर्सची टिंब-रेघांची कट्ट-कडकट्ट इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणाऱ्या 'ई'ला एकच टिंब, म्हणजे सर्वांत कमी वेळ. मराठी पाठवायची तर रोमन अक्षरांत लिहून. त्यात 'माल' आणि 'माळ' एकच, 'काल' आणि 'काळ' एकच. गुळाच्या व्यापाऱ्याने 'काल' लिहावं आणि पलीकडच्याने 'काळ' वाचावा, हा विनोद नव्हता, त्यात पैसे जायचे. तारांनी इंग्रजीचा रस्ता धरला त्यामागे साहेबाची भाषा हे कारण होतंच, पण खिडकीवर मोजली जाणारी अक्षरं आणि आणे हेही होतं. लोकांना तार खुली झाल्यावर 1855 च्या सुमारास दर होता 16 शब्दांना दर 400 मैलांमागे 1 रुपया. देवनागरीत तारा सुरू झाल्या 1949 मध्ये. मधल्या नव्वदहून अधिक वर्षांत दर बदलले, वर्ग बदलले, मैलांचा हिशेब गेला. लिपी तेवढी तशीच राहिली.

यंत्राची अडचण एक आणि दराचा नियम दुसरा, हे मला या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणायचं आहे. पत्ता मोजायचा की नाही, हे यंत्र ठरवत नव्हतं. अमेरिकेत पत्ता आणि सही फुकट होती, मजकुराचे 10 शब्द मोजत. इंग्लंडात 1870 पासून 20 शब्दांना 1 शिलिंग आणि पत्ता फुकट होता. 1885 मध्ये त्यांनी 12 शब्दांना 6 पेन्स केले आणि पत्ता मोजायला लागले. स्वस्त केलं म्हणून लोक खूश, आणि पत्त्याने तीन-चार शब्द खाल्ले हे नंतर कळलं. 1915 मध्ये त्या बारा शब्दांचे 9 पेन्स झाले, 1920 मध्ये 1 शिलिंग. तारा तशाच, खांब तेच, दर मात्र खिडकीमागे बसणाऱ्याच्या मर्जीने. आपल्याकडचे बारा शब्दही त्याच मर्जीचे.

परदेशी तारांचे नियम तर याहून गमतीचे. ते आंतरराष्ट्रीय परिषदांत ठरत. 1903 मध्ये लंडनला, 1908 मध्ये लिस्बनला. साध्या भाषेतला शब्द 15 अक्षरांपर्यंत एक, त्याच्या वर गेला की दोन. आकडे पाच-पाचांच्या गटाने, एक गट एक शब्द. उत्तराचे पैसे आधीच भरायचे असले तर तशी खूण, तिचा एक शब्द. तार उलट पाठवून तपासून घ्यायची असेल तर चौथाई आकार जास्त. नियमाविरुद्ध दोन शब्द चिकटवून एक केले तर तारबाबू पेन्सिल काढून पुन्हा फोडणार. आपली एखादी नेहमीची शब्दरूपं त्या 15 अक्षरांच्या फुटपट्टीला लावून बघा. 'पंढरपुराहून' रोमनमध्ये 14 अक्षरं, बसलं. 'पंढरपुराकडून' 16, दोन शब्दांचे पैसे. प्रत्यय जोडून लिहिणाऱ्या भाषेला शब्द मोजण्यात फायदा मिळाला असता. तेवढ्यात अक्षरं मोजणारा दारात उभा.

मोठ्या व्यापाऱ्यांनी यातून वाट काढली होती. सांकेतिक भाषा. छापील कोश मिळत, त्यात अख्ख्या वाक्याला एक बनावट शब्द. 1906 मध्ये निघालेल्या बेंटलीच्या कोशात पाच-पाच अक्षरांचे शब्द होते. दोन जोडले की दहा अक्षरं, आणि सांकेतिक शब्दाची मर्यादा नेमकी दहाच, म्हणजे दोन वाक्यं एका शब्दाच्या दरात. परिषदेने अट घातली, की असा बनावट शब्द उच्चारता आला पाहिजे. कोणत्या भाषेत? यादी दिलेली होती: जर्मन, इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, डच, इटालियन, पोर्तुगीज आणि लॅटिन. आठवी भाषा बाजारात कुणी बोलत नव्हतं, तरी ती यादीत होती. अडतीतली भाषा नव्हती.

ज्याच्याकडे कोश आणि कोश उलगडणारा कारकून, त्याला तार स्वस्त. ज्याला बहीण आजारी आहे एवढंच कळवायचं, त्याला पूर्ण दर. पेढीला तारेचा छोटा पत्ता नोंदवून घेता येई. जुन्या बिलांवर वरच्या कोपऱ्यात 'तारेचा पत्ता' म्हणून एकच शब्द छापलेला तुम्ही पाहिला असेल. अख्खा पत्ता एका शब्दात. वर्गणी भरणाऱ्यालाच. आमच्या पणजोबांकडे यातलं काही नव्हतं. पेन्सिल होती.

आता तुमच्याकडे येतो.

माझ्याकडे पेन्सिलीऐवजी तुमचं पॅनेल आहे. संगणकावर खोक्यात मजकूर टाकला की खाली अक्षरं आणि क्रेडिट दिसतात. आमचा मेसेज पहिल्यांदा मी असा लिहिला:

'सकाळ 12/06 म्हैस 4.5 लि. फॅट 6.8 दर 52.30 रक्कम 235.35 कोड 147 दूध संस्था'

खाली आलं: 73 अक्षरं, 2 क्रेडिट. मराठीची मर्यादा 70. वाचणाऱ्याला 'संस्था' दोन अक्षरी दिसते, तुमच्या यंत्राला सहा: स, अनुस्वार, स, पाय मोडल्याची खूण, थ, काना. 'म्हैस' पाच. मी 'रक्कम' काढून 'रु.' केलं. 71. एका अक्षरासाठी 240 लोकांचं दुसरं क्रेडिट. मग 'लि.' मधलं टिंब काढलं. 70. एक क्रेडिट! एकटाच खुर्चीत हसलो. टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला नमुना, मंजुरीला पाठवलं, मंजूर होऊन आलं, आणि दुसऱ्याच सकाळी चार म्हशीवाल्या एका सभासदाने 20.5 लिटर दूध घातलं. लिटरचा एक आकडा वाढला, रक्कम 1072.15 झाली तिथे आणखी एक. 72. दोन क्रेडिट. आता काय, मोठ्या गोठेवाल्याला दूध कमी घाला म्हणू? शेवटी हात टेकले आणि तारीख, संस्थेचं नाव, सगळं पूर्ण लिहून दोन क्रेडिटच्या मेसेजवर स्थिर झालो.

तोच मूळ मेसेज इंग्रजीत लिहून पाहिला. 82 अक्षरं भरली. म्हणजे इंग्रजीपेक्षा मराठी नऊ अक्षरांनी आटोपशीर, तरी दोन क्रेडिट. इंग्रजी लांब, तरी एक, आणि अजून निम्मी जागा रिकामी. कारण तिथे मर्यादा 160 ची. हे तुमचं पहिलं उत्तर मला पाठ आहे: एका एसएमएसमध्ये 1,120 बिट (बिट म्हणजे यंत्राच्या मोजणीतलं सर्वांत लहान माप) मावतात, इंग्रजी अक्षराला 7 लागतात, देवनागरीला 16, करा भागाकार. केला. 160 आणि 70. त्यातही मेसेज दोन तुकड्यांत गेला की प्रत्येक तुकड्यात जोडणीची खूण ठेवावी लागते, म्हणून 70 चे 67 होतात. भागाकार मला मान्य आहे.

पण हे 160 तरी आकाशातून पडले नाहीत. 1985 मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट या अभियंत्याने टंकलेखन यंत्रावर सुचतील ती वाक्यं लिहून त्यातली अक्षरं मोजली, पोस्टकार्डांवरचा आणि टेलेक्सचा मजकूर साधारण किती असतो ते पाहिलं, आणि 160 पुरेत असं ठरवलं. अक्षरं मोजत बसलेला माणूस मला परका वाटत नाही, आमच्या घराण्यातलाच वाटतो. फक्त त्याने मोजलं ते त्याच्या भाषांत. त्या 7 बिटांच्या तक्त्यात, म्हणजे यंत्र ओळखतं त्या अक्षरांच्या यादीत, काय-काय आहे ते एकदा बघा: स्वीडिश गोलवाला 'ए', जर्मन 'एस', ग्रीक मोठी अक्षरं, डॉलर, पौंड, येन. युरोही मागाहून बसवला. आपला रुपया, ₹, नाही. चांगला इंग्रजी मेसेज लिहून त्यात एकच ₹ टाका, अख्ख्या मेसेजची मर्यादा 160 वरून 70 वर येते. म्हणून बँकांचे मेसेज रुपयाच्या चिन्हाऐवजी 'आर', 'एस' लिहितात. लिस्बनच्या यादीत लॅटिन होती आणि मराठी नव्हती. तुमच्या तक्त्यात ओमेगा आहे आणि रुपया नाही.

तर तक्रारी. तुम्ही म्हणाल त्या क्रमाने नाही, मला टोचतात त्या क्रमाने.

सर्वांत जास्त टोचते ती म्हणजे माणसं. ठराव झाल्यावर मी एका सकाळी चाचणी म्हणून दहा जणांना इंग्रजी मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, किटली खाली ठेवायच्या आधी एक मावशी बटणांचा फोन माझ्यासमोर धरून उभ्या. "आवं सचिव, हितं काय लिवलंया? वाचून दावा की." चौथी शिकलेल्या आहेत, मराठी पेपर वाचतात. फॅट अर्ध्या पॉइंटाने खाली आली तर मला जाब विचारतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. इंग्रजी मेसेजने त्यांना पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायला लावलं. जो हिशेब त्यांनी माझ्यावर धरायचा, तो मीच त्यांना वाचून दाखवायचा. यात संस्थेचे 2,880 रुपये वाचतात.

व्हॉट्सअ‍ॅप वापरा, असं म्हणू नका. आमच्या सभासदांपैकी बरेच जण साधा फोन वापरतात, गोठ्यात पडला तरी चालतो म्हणून. रोमनमध्ये मराठी लिहा, असंही सुचवलं गेलं: 'म्हैस' च्या जागी एम-एच-ए-आय-एस. शंभर वर्षांपूर्वीची तीच पळवाट. पोरांना वाचता येईल. मावशींना नाही, आणि मलाही दोनदा बघावं लागतं.

दुसरी तक्रार पाठवणाऱ्याच्या नावाची. मेसेजवर वर जे नाव उमटतं ते सहा रोमन अक्षरांचं. संस्थेचं नाव आमच्या आजोबांच्या पिढीने देवाच्या नावावरून ठेवलेलं. त्याची सहा अक्षरांत जी दशा झाली ती इथे लिहीत नाही. निदान तारेच्या पत्त्याचा शब्द पेढीवाला आपल्या मनाचा निवडायचा.

तिसरी, पोहोचण्याची. 'डिलिव्हर्ड' असं पॅनेलवर हिरवं दिसतं, सभासद म्हणतो आला नाही, क्रेडिट गेलेलं असतं. 1885 च्या तार कायद्यात नववं कलम होतं: तार घेण्यात, पाठवण्यात, पोहोचवण्यात कर्मचाऱ्याने कसूर केली तर नुकसानीला सरकार जबाबदार नाही. कर्मचारीही नाही, त्याने निष्काळजीपणे, द्वेषाने किंवा लबाडीने केलं असेल तरच तो जबाबदार. उद्धट कलम होतं, पण लिहिलेलं होतं. तो कायदा मागे टाकायला 2023 चा दूरसंचार कायदा आला. माझ्या न पोहोचलेल्या मेसेजला कोण जबाबदार, ते मला पुरवठादार सांगत नाही, कंपनी सांगत नाही.

चौथी लहान आहे. तारेचा नियम काय, शब्द कसा मोजला, हे सगळं छापलेल्या पुस्तकात होतं. खात्याचं मार्गदर्शक पुस्तक निघायचं आणि पोस्टात बघायला मिळायचं. तुमचा मोजण्याचा नियम मला पॅनेलशी झटापट करून कळला. 'पाय मोडल्याची खूणही एक अक्षर धरली जाते' हे वाक्य कुठेही मराठीत वाचलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या एखाद्या सचिवाची संध्याकाळ वाचेल.

यावर उपाय नाही असं सांगू नका, कारण उपाय तुमच्याच मानकांत पडून आहे. मोबाईलच्या आंतरराष्ट्रीय मानकात भारतीय लिप्यांसाठी वेगळे तक्ते पंधरा वर्षांहून अधिक काळ आहेत. हिंदीचा, म्हणजे देवनागरीचाही आहे. मेसेजच्या सुरुवातीला 'हा तक्ता वापरा' एवढी खूण जाते आणि देवनागरी अक्षरही 7 बिटांत बसतं; एक तक्ता लावला तर 155 अक्षरं, दोन लावले तर 152. आमचा 73 अक्षरांचा मेसेज त्यात दोनदा बसेल. दुसरीकडे भारतीय मानक आय.एस. 16333 च्या तिसऱ्या भागाने इथे विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व 22 अनुसूचित भाषा वाचता आल्याच पाहिजेत असं केलं. म्हणजे मावशींच्या फोनला मराठी दाखवणं सक्तीचं झालं, आणि त्या फोनवर मराठी पाठवणं दुप्पट महाग राहिलं. पंगत मांडली आणि वाढप्याला सुट्टी दिली.

आणि समजा, तक्ते सगळ्या फोनवर आज चालत नाहीत. तरी दर बदलायला कोणता तक्ता लागतो? तारेच्या खात्याने, एवढं कंजूस खातं, तरी दराच्या बाबतीत कधीकधी मन मोठं केलं होतं. 1912 पासून परदेशी तार साध्या भाषेत असेल आणि घाई नसेल, तर निम्मा दर लावायला सुरुवात झाली. यंत्र तेच, केबल तीच. साधं बोलणाऱ्याला सवलत. पुढे आपल्याकडे शुभेच्छांच्या तारा आल्या त्यात तर सरकारनेच गरिबाला कोश करून दिला. ठरलेल्या वाक्यांना क्रमांक. 8 लिहिला की दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा, 16 लिहिला की नवदांपत्यावर ईश्वराच्या आशीर्वादांचा वर्षाव. अख्खं वाक्य आकड्याच्या भावात. माझ्या आईवडिलांच्या लग्नातल्या तारांची चळत घरी आहे. त्यात एकाने घाईत 1 क्रमांक लिहिलाय, म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. वैशाखात. वडील ती तार सगळ्यांना दाखवायचे.

14 जुलै 2013 च्या रात्री सरकारी तारसेवा बंद झाली. शेवटी-शेवटी, 2011 पासून, 50 शब्दांना 27 रुपये दर होता, आणि त्या मोजणीत देवनागरीलाही तोच होता. एसएमएसने तारेला संपवलं असं तेव्हा सगळे म्हणाले. संपवताना तारेकडून तिची 1911 सालची खोड मात्र घेतली, 1949 नंतरचं शहाणपण घेतलं नाही.

मागण्या सरळ लिहितो.

मराठी, आणि आपल्या कोणत्याही लिपीतला, 160 अक्षरांपर्यंतचा मेसेज एका क्रेडिटचा धरावा. तुमच्या आत तो किती तुकड्यांत जातो हा तुमचा प्रश्न. इंग्रजी लिहिणाऱ्याला कुणी बिटांचं बिल देत नाही.

देवनागरीचा 7 बिटांचा तक्ता कोणत्या जाळ्यावर चालतो, कोणत्या फोनवर चालत नाही, याची चाचणी करून यादी जाहीर करावी. नवीन फोनला परवानगी देताना तो तक्ता वाचता येणं सक्तीचं करावं, जसं भाषा दाखवणं केलं तसं.

₹ या चिन्हामुळे मेसेजचा दर वाढू नये. स्वतःच्या नाण्याला दंड हे कुठे ऐकलंय?

पाठवणाऱ्याचं नाव देवनागरीत नोंदवता यावं. न पोहोचलेल्या मेसेजचं क्रेडिट आपोआप परत मिळावं, अर्ज न करता. आणि अक्षरं मोजण्याचे सगळे नियम एका पानावर, मराठीत, पॅनेलच्या पहिल्या पडद्यावर असावेत.

दूध संस्था, पतसंस्था, शाळा, पाणीपुरवठा समित्या यांच्या हिशेबाच्या आणि सूचनेच्या मेसेजना यातली पहिली मागणी तरी ताबडतोब लागू करावी. जाहिरातवाल्यांचं मागाहून बघा, ते मावशींना तसेही इंग्रजीतच पकडतात.

आमच्या मंडळाचा ठराव एक तारखेपासून लागू होतो. मी अध्यक्षांना फेरविचाराचा अर्ज दिला आहे आणि तो पुढच्या सभेत येईल. तोपर्यंत ज्या सभासदांनी लेखी मागणी केली त्यांना मराठीतच मेसेज जातील. आजवर 61 अर्ज आले, त्यातले बरेचसे अंगठ्याचे नाहीत, सहीचे आहेत. त्यांचा वाढीव खर्च तूर्त मी माझ्या मानधनातून वळता करून घ्यायला सांगितला आहे. हे उपकार म्हणून लिहीत नाही, हिशेबाची बाब म्हणून लिहितो, कारण लेखापरीक्षक विचारतील.

आपला,
सचिव, एक सहकारी दूध संस्था

ता.क. पणजोबांची वही कुणाला बघायची असल्यास संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. दुपारी बारा ते चारमध्ये या. संकलनाच्या वेळेत नको.